दोन बटणांचा गिअर

"तुझा बाप बारशाला माझ्या उंबऱ्याच्या आत येणार न्हाई," आबा म्हणाले आणि हातातलं ओलं फडकं त्यांनी गाडीच्या काचेवर फाटकन मारलं.

मी अंगणात पाटावर बसून बाळाला पायांवर घेऊन तेल लावत होते. त्या आवाजानं ते दचकलं. दोन्ही मुठी वर गेल्या, ओठ थरथरले. मी त्याच्या छातीवर हात ठेवला, तसं ते पुन्हा सैल पडलं.

"मग बाळंतविडा कोण आणणार?" मी विचारलं.

"बाजारात मिळतो."

"आणि आजोबा?"

"एक हाय की हितं. दीड पायाचा का असंना."

आबा म्हणजे माझे सासरे. लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती आणि त्या दोन वर्षांत त्यांनी माझ्या हातचा चहा एकदाही घेतला नव्हता. माझं नाव स्वरूपा आहे, हे त्यांना माहीत असावं. तोंडातून कधी आलं नाही. मी 'मिस्त्र्याची पोरगी'. कधी नुसतीच 'ती'.

कारण होतं. त्या बारशाच्या अकरा वर्षं आधी आबा दुधाचा छोटा टँकर चालवायचे. कोल्हापूरकडून दूध भरायचं, गगनबावड्याचा घाट उतरायचा, खाली कोकणात पोचवायचं. माझ्या वडिलांचं, दादांचं, कोल्हापूरच्या उद्यमनगरात गॅरेज. त्यांनी एका सकाळी त्या टँकरचे मागचे ब्रेक-लायनर बदलले आणि त्याच दुपारी घाटातल्या सातव्या वळणावर टँकर कठड्याला जाऊन भिडला. आबांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. शुद्धीवर आल्यावर ते एवढंच बोलले, "ब्रेक लागला न्हाई."

तेवढं पुरलं. टँकरच्या मालकानं आपल्या सगळ्या गाड्या दादांकडून काढून घेतल्या. मग त्याचं बघून बाकीच्यांनीही. लोक म्हणायचे, केरबा मिस्त्री ट्रायललासुद्धा बसला नाही हो. उद्यमनगरात रीत आहे, ब्रेकचं काम ज्यानं केलं त्यानं ट्रायलला ड्रायव्हरशेजारी बसायचं. स्वतःचा जीव गाडीत घालायचा आणि मग चावी द्यायची. दादांनी कुणाशी वाद घातला नाही. गॅरेजच्या पाटीवर, सगळ्यात खाली, एक ओळ स्वतः रंगवली: 'ब्रेकचे काम होणार नाही.' मी तेव्हा नववीत होते. एकदाच त्यांना विचारलं. ते म्हणाले, "ब्रेकच्या लाइनीतली हवा मी चारी चाकांची काढली हुती गं. पर लोकांनी इतक्यांदा इचारलं, की आता माझं मलाच आठवंना झालंय."

पुढं पॉलिटेक्निकला खाडे ड्रायव्हरचा, म्हणजे आबांचा, मुलगा रणधीर माझ्याच वर्गात निघाला. आमचं लग्न कसं जमलं, ती गोष्ट इथं नको. आई मला नव्हतीच, त्यामुळं पहिलं बाळंतपण सासरीच झालं, आणि बारसंही सासरीच ठरलं. दादांनी नातवाला अजून पाहिलं नव्हतं. बाळ तीन महिन्यांचं होत आलं होतं.

आबा गाडी पुसत होते ते प्रेमानं नव्हे. गाडी रणधीरनं आणलेली. जुनी, ऑटोमॅटिक. क्लच नाही, म्हणजे डाव्या पायाचं कामच नाही. लिव्हरला चारच घरं: पार्क, रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह. ड्राइव्हला टाकली की पुढं कधी दुसरा, कधी चौथा, ते सगळं गाडीनं ठरवायचं. आबांना तिचा मनस्वी राग.

"डावा पाय टँकरनं न्हेला, डावा हात हिनं न्हेला," ते म्हणायचे. "मी ड्रायव्हर हाय का शिटावरचं गाठोडं?"

गावात फिरायला ती बरी होती. पण आमच्या गावापासून वीस किलोमीटरवर घाट, आणि आबांच्या बहिणी, मित्र, जुने दूधवाले, सगळे घाटाखाली. आबा गावातल्या पोरांना गाडी शिकवताना एकच मंत्र द्यायचे: चढायचं ज्या गिअरात, उतरायचं त्याच गिअरात. ही गाडी ते ऐकत नव्हती. उताराला अॅक्सिलेटरवरचा पाय काढला, की तिला वाटायचं आता आराम आहे, आणि ती चौथा टाकायची. मग सगळा भार ब्रेकवर. एकदा रणधीरबरोबर ते खाली जाऊन आले तर चाकांतून धूर येत होता. त्यानंतर आबा घाटाच्या तोंडापर्यंत जायचे, खाली बघायचे आणि परत यायचे.

कोल्हापुरात चार ठिकाणी विचारून झालं. ह्यात हातानं गिअर टाकायची सोय करून द्या. सगळ्यांनी हात जोडले. एकजण म्हणाला, काका, दुसरी गाडी घ्या.

तेल जिरवता जिरवता मी म्हणाले, "मी करून देते."

"काय?"

"तुम्हाला हातात गिअर पाहिजे ना? देते करून. गिअर-बॉक्समध्ये विजेचे दोन छोटे व्हॉल्व्ह असतात. दोन्ही चालू, एक चालू, दुसरा चालू, दोन्ही बंद, असे चार गिअर. आत्ता ते गाडीचा कॉम्प्युटर हलवतो. ती वायर मध्ये तोडून तुमच्या हातात आणायची. एक बटण वर जायला, एक खाली यायला."

आबांनी फडकं पिळलं. "तुझ्या बापानं हात लावला तर पाय गेला. तू हात लाव, म्हंजे दुसरा जाईल."

"पैज लावा मग."

"कसली?"

"मी बटणं बसवली आणि गाडी घाट नीट उतरली, तर दादा बारशाला येणार. या उंबऱ्याच्या आत."

"आन् न्हाई उतरली तर?"

"तर या घरात मी पुन्हा त्यांचं नाव काढणार नाही."

स्वयंपाकघराच्या दारातून आत्ती, माझ्या सासूबाई, "अगं गप!" असं काहीतरी पुटपुटल्या. आबा पहिल्यांदाच माझ्याकडं नीट बघत होते. बाळाकडंही.

"बारशाला धा दिवस हाईत," ते म्हणाले. "बगू."

*

फणसाच्या फांदीला बाळाची झोळी बांधली आणि गाडी त्याखाली लावली. मी डॅशबोर्डखाली डोकं घालून उताणी पडायची, दार उघडं, पाय बाहेर, आणि झोळीची दोरी उजव्या पायाच्या अंगठ्याला. हातानं वायरी सोलायच्या, पायानं झोका द्यायचा. झोका थांबला की बाळ कुरकुरायचं, कुरकुरलं की अंगठा आपोआप हलायचा. बाळाची झोप पाऊण तासाची. तेवढ्यात जे होईल ते. मग हात साबणानं घासायचे, नखांतलं काळं काढायचं, पाजायचं, आणि पुन्हा पुढच्या झोपेची वाट बघायची.

आबा सोप्यावरच्या खुर्चीत बसून टोमणे मारायचे.

"रिमोट बनवतीस काय टीव्हीचा?"

"हो. गाडी बंद पडली की तुम्हाला मालिका दिसतील."

"तोंड बापावर गेलं न्हाई. त्यो तर गप बसतो."

"गप बसायची पाळी कुणी आणली?"

त्यावर खुर्ची करकरायची आणि काठी आपटत ते आत जायचे.

आत्ती येऊन झोळीशी बसायच्या. त्यांच्यासमोर सोप्याच्या भिंतीवर आबांना बक्षीस मिळालेलं मोठं गोल घड्याळ होतं. आत लाल अक्षरात लिहिलेलं, 'डिझेल बचत – प्रथम क्रमांक'. सलग सहा वर्षं तो मान आबांचा. टँकरच्या मालकाकडं पंधरा ड्रायव्हर होते, पण तेवढ्या डिझेलात तेवढं अंतर आबांइतकं कुणीच काढायचं नाही.

"लई नाव हुतं त्यांचं," आत्ती सांगायच्या. "खालच्या गावातली लोकं म्हणायची, बाकीच्यांचं टँकर घाट उतरताना वरडत येत्यात, खाडेचा टँकर मांजरावानी येतो. आवाजच न्हाई. दारात हुबा राहिला की मगच कळायचं."

मी तेव्हा "हो का" म्हणाले असेन. माझ्या तोंडात वायरीचं टोक होतं.

सर्किट ठेवायला मला चांगली डबी मिळेना. शेवटी बाळाच्या साबणाची निळी डबी घेतली. डबीच्या झाकणाला भोक पाडून एकाच आकड्याचा लाल डिस्प्ले बसवला, गाडी कुठल्या गिअरात आहे ते दिसायला. एक, दोन, तीन, चार. लिव्हर न्यूट्रलला नेली तर शून्य. शून्याची काही गरज नव्हती. पण वायर तिथूनच जात होती, म्हटलं असू दे.

खरा प्रश्न बटणांचा होता. स्टिअरिंगवर बसवणं सोपं गेलं असतं. मी आबांना विचारलं, "बटणं कुठं पाहिजेत?"

डावा हात त्यांनी खुर्चीच्या बाजूला खाली नेला आणि हवेतच मूठ वळली. तिथं काही नव्हतं. पण मूठ अशी वळली होती, की मला तिथला गिअरचा गोळा दिसला.

मी दोन्ही बटणं लिव्हरच्या मुठीत बसवली. अंगठ्याखाली.

*

बारशाच्या दोन दिवस आधी, सकाळी सात वाजता मी बाळाला पोटभर पाजलं आणि आत्तींच्या मांडीवर दिलं. पुन्हा भूक लागायच्या आत परत यायचं होतं. रणधीर पहिल्या पाळीला गेला होता. आबा गाडीत बसून हॉर्न वाजवत होते.

"बस शेजारी," ते म्हणाले. "काम कुणी केलं? ट्रायलला बसायची रीत तुझ्या बापानं मोडली. तू मोडू नगंस."

मी दार लावून घेतलं.

घाटापर्यंत त्यांचा डावा हात लिव्हरवर होता आणि अंगठा बटणांवरून फिरत होता. चढाला त्यांनी खालचं बटण दाबलं. आकडा चाराचा तीन झाला, इंजिनचा सूर चढला, गाडी ताठ झाली. आबांच्या मिशा हलल्या.

"ऐकतीया," ते म्हणाले.

घाटाच्या तोंडाशी त्यांनी गाडी उभी केली. खाली दरीत धुकं साचलेलं, रस्ता त्यात उतरत गेलेला. त्यांनी दोन गिअर घेतला आणि ब्रेकवरचा पाय काढला. गाडी निघाली. इंजिन घरघरत राहिलं, जणू कुणी मागून दोरीनं धरलंय. पहिलं वळण. दुसरं. आकडा दोनवर खिळलेला. आबा आता पाठ टेकून बसले होते. तिसऱ्या वळणावर समोरून वाळूचा ट्रक आला, त्याला त्यांनी हात केला. चौथ्यावर चक्क गुणगुणले.

"काय ओढतीया बघ," ते म्हणाले. "ब्रेकला पाय लावला का मी? सांग, लावला का?"

"नाही."

"ह्येला म्हणत्यात उतरणं."

मला वाटलं, जिंकले. दादांना फोन कधी करायचा, याचा विचार मी सुरू केला. नवा शर्ट घ्यायला सांगायचा. जुन्या शर्टांच्या बाह्यांना ग्रीस असतं.

सहावं वळण गेलं. तिथून पुढं रस्ता लांबलचक सरळ उतरतो. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला उघडी दरी. आणि एकदम शांत झालं.

घरघर थांबली. टायरांचा सरसर आवाज आणि वारा, बस. गाडी सैल, हलकी, मऊ झाली. मला आधी कळेना काय झालं. मांजरासारखी, असं माझ्या मनात आलं, आणि त्याच क्षणी मी डबीकडं पाहिलं.

शून्य.

"आबा, न्यूट्रल!"

त्यांचं लक्ष रस्त्यावर होतं. चेहरा निवांत. पन्नासचे साठ, साठचे सत्तर. त्यांनी ब्रेकवर पाय दिला, गाडी जरा दबली, पुन्हा सुटली. त्यांनी पाय दाबून धरला. करपल्याचा वास आला.

"आबा, हात बघा! हात!"

त्यांनी खाली पाहिलं. डाव्या हातानं लिव्हर एक घर पुढं सारलेली होती. दुसऱ्याच कुणाचा हात गाडीत सापडावा, तसे ते त्या हाताकडं बघत राहिले.

"ड्राइव्हला ओढा! चार येईल, खालचं बटण दोनदा!"

लिव्हर मागं आली. अंगठा दोनदा दबला. गाडीनं एक हिसका दिला, इंजिन किंचाळलं आणि मग ती दोरी पुन्हा ताणली. साठ. चाळीस. पंचवीस. सातव्या वळणावर, कठड्याच्या आत चार हात, आम्ही उभे राहिलो.

त्या कठड्याचा मधला तुकडा बाकीच्यापेक्षा नवा होता. दगड वेगळे, सिमेंट वेगळं. मी तो फोटोंत पाहिला होता, तुटलेला.

चाकांतून धुराची बारीक रेघ काचेसमोर आली आणि वाऱ्यानं गेली.

"हात चुकून गेला," आबा म्हणाले.

"चुकून नाही गेला. शिकलेला हात आहे तो."

"गप बस."

"सहाव्या वळणानंतर गेला. बरोबर तिथंच. गेले सहा महिने तुम्ही ही गाडी चालवताय, लिव्हरला हात लावायचं कारणच नव्हतं. आज मी तुमच्या हातात मूठ दिली आणि हाताला वाट आठवली."

"गप बस म्हणतो ना!" त्यांनी स्टिअरिंगवर थापट मारली. हॉर्न वाजला आणि दरीत दोनदा परत आला.

मला पुढचं बोलायचंच नव्हतं. सोप्यावरचं घड्याळच डोक्यात बोलत होतं. डिझेल बचत, प्रथम क्रमांक.

आबा कठड्याकडं बघतच म्हणाले, "सगळेच मारायचे न्यूट्रल. कोण कमी, कोण जास्त. मी हितनं सोडायचो ते पार खालच्या पुलापतूर. इंजिन बंद असल्यागत. थेंब लागायचा न्हाई."

"भरलेला टँकर?"

"भरलेला."

"आणि त्या दिवशी?"

"लायनर नवं हुतं, म्हटलं चांगलं धरतील." त्यांनी लिव्हरवरचा हात काढून मांडीवर ठेवला. "धरलं बी. लई धरलं. मग तापलं."

"दादा ट्रायलला का बसले नाहीत?"

आबांनी काच खाली घेतली. बाहेरची गार हवा आत आली.

"बसतो म्हणत हुता. घाटापतूर येतो म्हणाला, भरल्या गाडीवर बघू म्हणाला. त्यो शेजारी असता तर मला न्यूट्रल मारता आलं नसतं. मी म्हटलं, दूध नासंल, उशीर झालाय. आन् निघालो."

मला ओरडायचं होतं. अकरा वर्षांच्या सगळ्या संध्याकाळी, जेव्हा दादा रिकाम्या गॅरेजच्या दारात स्टुलावर बसायचे, त्या एकेक करून या माणसाच्या तोंडावर फेकायच्या होत्या. पण ब्लाऊज ओला झाला होता. बाळाची वेळ शरीराला बरोबर कळते. मी पदर ओढून घेतला.

"सांग जा," आबा म्हणाले. "गावभर सांग. जिंकलीस."

"मी नाही सांगणार."

"का?"

"मी सांगितलं तर लोक म्हणतील, पोरगी बापाची बाजू घेतेय. तुम्ही सांगायचं."

"आन् न्हाई सांगितलं तर?"

"तर रोज ही गाडी चालवा. तुमचा हातच रोज सांगेल."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत मला खाईल की काय असा राग होता, आणि तो माझ्यावरचा नव्हता असं मी म्हणणार नाही. मग त्यांची नजर माझ्या पदरावर गेली आणि लगेच बाजूला वळली.

"साडेनऊ झाले," ते म्हणाले. "पोरगं उठलं असंल."

चाकं थंड होईपर्यंत मात्र ते थांबले. मग गाडी वळवली. दोनमध्ये चढलो.

*

दुसऱ्या दिवशी सोप्याच्या भिंतीवर नुसता खिळा होता आणि त्याच्याभोवती रंग न उडालेला एक गोल.

"घड्याळ कुठं गेलं ओ?" आत्तींनी विचारलं.

"सेल संपलाय," आबा म्हणाले.

पैजेबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत. मी दादांना फोन केला. "या," एवढंच मी म्हणाले. दादांनी तीनदा विचारलं, "खाडेनं या म्हटलंय का?" मी तीनदा गप्प राहिले.

बारशाला घर भरलं होतं. पाळण्याला झेंडूच्या माळा, बायका आत, पुरुष अंगणात सतरंजीवर. दादा आले ते कोरा पांढरा शर्ट घालून, घडीच्या रेघा तशाच. काखेत बाळंतविड्याचं गाठोडं. पायरी चढले आणि उंबऱ्याच्या अलीकडं थांबले. अंगणातली कुजबुज बंद झाली. त्यांना सगळे ओळखत होते.

"या ना दादा," रणधीर पुढं आला.

"घराचा मालक म्हणंल तर येतो," दादा म्हणाले.

मी बाळाला घेऊन आतल्या दारात उभी होते. आबा खुर्चीतून उठले. काठी टेकत उंबऱ्यापाशी गेले. मला वाटलं, आता ते बाजूला होतील, हात दाखवतील. ते उंबरा ओलांडून बाहेर गेले आणि दादांच्या समोर, पायरीवर उभे राहिले.

"मिस्त्री."

"बोल खाडे."

"त्या दिवशी गाडी न्यूट्रलला हुती."

सतरंजीवर कुणाचा तरी पेला कलंडला.

"कुठनं?" दादांनी विचारलं.

"सहाव्या वळणापासनं."

"आन् ब्रेक?"

"लागत हुतं. चांगलं लागत हुतं. मीच जाळलं."

दादांनी गाठोडं खाली, पायरीवर ठेवलं. त्यांची मूठ वळलेली मला दिसली.

"मी बसतो म्हणालो हुतो."

"म्हणून तर निघालो."

"अकरा वर्षं, खाडे."

"अकरा."

"माझ्या पोरीच्या शाळेची फी उसनी काढली मी. पाटीवर मी माझ्या हातानं..." ते थांबले. मग वळले, पायऱ्या उतरले आणि अंगणातून चालते झाले. कुणी अडवलं नाही. माझी नणंद पाळण्याजवळ कुंकवाची वाटी धरून तशीच उभी. मला वाटलं, गेले. नातवाला न बघताच गेले. आणि त्यांना थांबवायचा हक्क मला कुठं होता?

मग फणसाच्या बाजूनं खणखण आवाज आला. जॅकचा.

मी बाळाला घेऊन पळत गेले. मागून आबा, मागून निम्मं बारसं. दादांनी गाडीचं पुढचं चाक काढून ठेवलं होतं. कोऱ्या शर्टात ते मातीवर आडवे पडले होते आणि गाल जवळजवळ चकतीला लावून आत बघत होते. मी त्यांना ब्रेक बघताना शेवटचं पाहिलं, तेव्हा माझ्या दोन वेण्या होत्या.

"ह्ये पॅड आत्ताच करपल्यात," ते चाकामागूनच म्हणाले. "चार दिवस झालं नसतील. पुन्ना न्यूट्रल?"

"हात गेला," आबा म्हणाले.

"हात बांधून ठिवा. न्हाई जमत तर तोडून टाका, तसं बी तुमास्नी अवयव जड झाल्यात."

कुणीतरी हसायला गेलं आणि गप्प झालं. आबांचा चेहरा लालबुंद झाला होता. पण ते जागचे हलले नाहीत.

दादा उठून बसले. निळ्या डबीकडं त्यांचं लक्ष गेलं, मग लिव्हरच्या मुठीकडं, वायरींच्या जोडांकडं. एक जोड त्यांनी बोटानं ओढून पाहिला. तुटला नाही. माझ्याकडं न बघता त्यांनी "हं" केलं.

"सोमवारी गाडी गॅरेजला आणा," ते आबांना म्हणाले. "पॅड बदलतो. आन् खाडे, मी ट्रायलला बसणार. पार खालच्या पुलापतूर."

"बसा," आबा म्हणाले. आणि मग, दातओठ खाल्ल्यासारखे, "आधी आत चला. नाव ठेवायचं थांबलंय."

मी बाळ पुढं केलं. दादांनी हात झटकन पाठीमागं नेले. "काळं हाईत गं."

"असू देत."

नव्या झबल्यावर पाच बोटं उठली ती कुठल्याच साबणानं गेली नाहीत. मीही फार घासलं नाही.

शंतनू आता सहा वर्षांचा आहे. आबा आणि दादांची दोस्ती झाली, असं कुणी म्हटलं तर दोघंही त्याच्या अंगावर जातील. चहा एकत्र पीत नाहीत. एकमेकांच्या तब्येतीची चौकशी माझ्यामार्फत, तीही टोमण्यात. पण आबांना घाट उतरायचा असला, की आदल्या दिवशी दादांना फोन जातो आणि दादा पहाटेच्या गाडीनं येऊन शेजारच्या सीटवर बसतात. घाटात कुणी बोलत नाही. आबांची नजर रस्त्यावर, दादांची त्या निळ्या डबीवर.

मागच्या सीटवरून शंतनू तेवढा मोठ्यानं वाचत असतो: दोन... दोन... दोन... दोन...